मास्कवरून सोसायटीत दोन गट पडलेत: खरं कोणाचं आणि नियम लिहायचा तर कसा?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईच्या पश्चिम उपनगरातली सात मजली, दोन विंगची सोसायटी. कमिटी पुढच्या साथीसाठी आधीच नियमावली लिहून ठेवतेय आणि मास्कच्या कलमावर गाडी अडलीय. एक गट म्हणतो, ‘मास्कचा काही उपयोग नाही, कोक्रेनने सांगितलंय.’ (कोक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून त्यांचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था.) दुसरा म्हणतो, ‘बांगलादेशात मोठी चाचणी झाली, मास्क चालतो, न घालणाऱ्याला दंड लावा.’ सेक्रेटरींनी विचारलंय की खरं कोणाचं आणि कलमात लिहायचं काय.

दोन्ही गटांनी नावं घेतलेले अभ्यास खरे आहेत, फक्त दोघांनीही ते आपल्या सोयीपुरते वाचलेत. हा वाद मिटत नाही कारण एक जण कापडाबद्दल बोलत असतो, दुसरा माणसांच्या सवयींबद्दल, तिसरा सक्तीबद्दल, आणि तिघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीवर भांडतोय. सभेच्या अजेंड्यावर हे तीन मुद्दे सुटे करून घ्या. पहिल्यावर मतदान घेण्यासारखं काही नाही. दुसऱ्यावर पुरावा बघावा लागतो. तिसरा मात्र खरोखर सभासदांनी ठरवायचा आहे.

आधी कापड. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची भोकं त्याहून मोठी, म्हणजे कोंबड्यांच्या जाळीने डास अडवल्यासारखं’ हा मेसेज दर लाटेत नव्याने फिरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो ऐकायला बिनतोड वाटतो, पण मास्क चाळणीच्या तत्त्वावर चालतच नाही. मोठा कण जड असतो, त्याला धाग्याभोवती वळण घेता येत नाही आणि तो धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो, त्यामुळे तोही कुठल्या तरी धाग्याला चिकटतो. अडवायला सगळ्यात कठीण असतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा. म्हणून एन-९५ची परीक्षा त्याच आकाराच्या आसपासच्या मिठाच्या कणांवर घेतात, मिनिटाला ८५ लिटर हवा ओढून. त्यात किमान ९५ टक्के कण अडले तरच मास्क पास. शिवाय विषाणू सुटा उडत नाही. तो लाळेच्या आणि श्लेष्म्याच्या थेंबांत किंवा ते थेंब सुकून उरलेल्या कणांत असतो, आणि हे कण त्याच्यापेक्षा मोठे असतात.

चांगल्या मास्कचा जीव मधल्या पदरात असतो. हा मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे वितळवलेल्या प्लास्टिकच्या अतिबारीक धाग्यांचा, पातळ पांढरा पदर विद्युतभारित असतो आणि कण अक्षरशः ओढून घेतो. खोक्यातला एक सर्जिकल मास्क कापून बघा. बाहेरचा रंगीत पदर, आतला मऊ पांढरा पदर आणि मधे हा तिसरा, बोटांना किंचित कागदासारखा लागणारा. कोरड्या जागी कागदाचे बारीक कपटे टेबलावर पसरून तो त्यांच्यावर धरला, तर कपटे उडून चिकटायला हवेत. मधे पदरच नसेल किंवा तिथेही बाहेरच्यासारखंच जाळीदार कापड असेल, तर तुम्ही तीन पदरी कापड विकत घेतलंय, सर्जिकल मास्क नव्हे. २०२०मध्ये रेल्वे स्टेशनांबाहेर दहा-दहा रुपयांना विकलेला बराच माल या जातीचा होता.

हा विद्युतभार साबणाच्या पाण्याने आणि अल्कोहोलने जातो. एन-९५ धुतला, सॅनिटायझरने फवारला किंवा इस्त्री केला की दिसायला तसाच राहतो, पण गाळण निम्म्यावर येऊ शकते. ‘स्वच्छतेसाठी’ मास्कवर रोज सॅनिटायझर मारणारे काका प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना कोणी तरी हे प्रेमाने सांगा.

आता खोक्यावरचा आकडा. सर्जिकल मास्कवर ‘९८ टक्के बीएफई’ लिहिलेलं असतं. ही जिवाणू गाळण्याची चाचणी असते, सुमारे ३ मायक्रॉनच्या थेंबांवर केलेली. ती फक्त कापडाची परीक्षा घेते, कडेने किती हवा पळते याबद्दल एक अक्षर बोलत नाही. आणि खरी चोरी कडेनेच होते. हवा नेहमी सोपी वाट धरते: नाकाच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण, गालांवरच्या फटी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने फेब्रुवारी २०२१मध्ये पुतळ्यांवर केलेल्या प्रयोगात सैल सर्जिकल मास्कने खोकल्यातले निम्म्याच्या आसपास कण अडवले. तोच मास्क आत आणि त्यावर घट्ट कापडी मास्क घातल्यावर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं. कापड तेच होतं, फक्त फट बुजली. म्हणून ‘मास्क चालतो का’ या प्रश्नाला माझा पहिला उलट प्रश्न असतो: कोणता, आणि कसा बसलाय?

‘मास्कने ऑक्सिजन कमी होतो, आपलाच कार्बन डायऑक्साइड आपण परत ओढतो’ हाही मुद्दा सभेत येणारच. या वायूचे रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. धाग्यांमधून ते बिनदिक्कत ये-जा करतात. मात्र तक्रार करणाऱ्याला खोटं ठरवू नका. एन-९५मधून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, आत ऊब आणि घाम साठतो, डोकं दुखतं, कानामागे सोलवटतं. मे महिन्यात दुपारी दादरच्या पुलावर एन-९५ लावून चालणं हा त्रास आहे आणि तो कबूल करायला काही जात नाही. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असलेल्यांनी कोणता मास्क किती वेळ घालायचा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुसरा मुद्दा, पुरावा. बांगलादेशातल्या चाचणीत ६०० गावं आणि साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढ माणसं होती. निष्कर्ष डिसेंबर २०२१मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आले. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, माहिती दिली, धर्मगुरूंना आणि गावातल्या मान्यवरांना सोबत घेतलं आणि रस्त्यात, बाजारात, मशिदीत बिनमास्कवाल्यांना समोरासमोर आठवण करून दिली. मास्क नीट घालणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणं आणि रक्तचाचणी दोन्ही धरून मोजलेला कोविड सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्कच्या गावांत ही घट ११ टक्के, आणि तिथल्या साठीपुढच्यांत ३५ टक्के. कापडी मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला नाही.

आता याचा दुसरा चेहरा, जो दंडवाला गट सांगत नाही. ९ टक्के ही सापेक्ष घट आहे. प्रत्यक्ष आकडे ०.७६ टक्के विरुद्ध ०.६८ टक्के असे होते. मास्क वाटलेल्या गावांत लोक अंतरही थोडं जास्त ठेवू लागले, म्हणजे सगळं श्रेय मास्कला देता येत नाही. आणि ही चाचणी दंडाची नव्हतीच. त्या गावांत कोणी पावतीपुस्तक घेऊन उभं नव्हतं.

डेन्मार्कच्या चाचणीचे (सुमारे सहा हजार लोक, २०२०) निष्कर्ष असे: मास्क घालायला सांगितलेल्या गटात १.८ टक्के संसर्ग, दुसऱ्यात २.१ टक्के, फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. पण तिची रचना संसर्ग थेट निम्म्यावर आणण्याइतका मोठा परिणाम पकडण्यासाठी होती, आजूबाजूचे बहुतेक लोक बिनमास्क होते आणि तपासलं फक्त घालणाऱ्याचं संरक्षण. बाधित माणसाच्या तोंडावरचा मास्क समोरच्याला किती वाचवतो, हा प्रश्न तिने विचारलाच नाही.

कोक्रेनचा आढावा जानेवारी २०२३चा. त्याने कोविड आणि फ्लू दोन्हींच्या चाचण्या एकत्र केल्या. त्यातल्या अनेक चाचण्यांत मास्क मिळालेले लोक तो पुरेसा घालतच नव्हते. एकत्रित उत्तर ‘फारसा फरक दिसत नाही’ असं आलं आणि त्याचं भाषांतर ‘मास्क निरुपयोगी’ असं झालं. मार्च २०२३मध्ये खुद्द कोक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायसर यांनी हा अर्थ चुकीचा असल्याचं जाहीर केलं. लोकांना मास्क घालायला सांगण्याच्या मोहिमांनी संसर्ग कमी होतो का, हे त्या आढाव्यात तपासलं होतं आणि त्याचंही उत्तर अनिर्णित होतं. घातलेला मास्क काम करतो का, हा प्रश्न वेगळा.

यावरून माझं मत असं: नीट बसलेला चांगला मास्क घालणाऱ्याला भरपूर वाचवतो. ‘सगळ्यांनी मास्क घाला’ असा नुसता आदेश वस्तीला थोडंसंच वाचवतो, कारण आदेश आणि नाक यांच्यामध्ये माणूस असतो. तुमचं कलम या दोन वाक्यांच्या मधलं अंतर कमी करणारं हवं.

विरोध करणाऱ्यांना मूर्ख समजू नका, त्यांचा अविश्वास हवेतून आलेला नाही. २०२०च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना निरोगी लोकांना मास्कची गरज नाही म्हणत होती आणि ५ जून २०२० रोजी तिने सल्ला बदलला. मधल्या काळात, ८ एप्रिलला, मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केलाही होता. दंड आधी १,००० रुपये, सप्टेंबरपासून २०० रुपये. पालिकेचे क्लीनअप मार्शल मोकळ्या रस्त्यावर पावती फाडत होते आणि पुढे हॉटेलं उघडल्यावर त्याच रस्त्यावरच्या वातानुकूलित हॉटेलात माणसं मास्क काढून तासभर गप्पा मारत जेवत होती. जिथे धोका कमी तिथे दंड आणि जिथे जास्त तिथे सूट. अशा नियमावर लोक हसले तर दोष लोकांचा नाही. अंधेरीत तर दंड न भरणाऱ्यांच्या हातात झाडू देऊन रस्ता झाडायला लावला. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला, राज्याने सक्ती संपवली तेव्हा मास्कवाल्यांनाही हायसं वाटलं.

हे भांडण कोविडने जन्माला घातलेलं नाही. १९१८च्या फ्लूत सॅन फ्रान्सिस्कोने सक्ती केली आणि जानेवारी १९१९मध्ये तिथे चक्क ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली. तेव्हाचे मास्क विरळ गॉजचे होते, म्हणजे कापडाबाबतची विरोधकांची शंका अगदीच चूक नव्हती.

सक्तीचं कायदेशीर अंग थोडक्यात असं. १८९७चा साथरोग कायदा, जो मुंबईच्या प्लेगमधूनच जन्मला, अधिकार सरकारला देतो; २०२०च्या आदेशांमागे तो आणि भारतीय दंडविधानाचं कलम १८८ होतं, आता त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीला यातलं काहीही वापरता येत नाही, आणि नोटीस बोर्डावर परस्पर ‘५०० रुपये दंड’ लावलात तर प्रकरण उपनिबंधकांच्या टेबलावर जाईल आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडेल. महापालिकेचा आदेश असेल तेव्हा तो लागू आहे एवढंच लिहा.

मग कलमात काय असावं?

एक, ते कधी चालू होईल. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या घबराटीवर नव्हे. महापालिकेची किंवा राज्याच्या आरोग्य खात्याची मुंबईसाठी सूचना आली, किंवा एकाच विंगमध्ये आठवड्याभरात तीन वेगळ्या घरांत श्वसनाचा तोच आजार तपासणीत निघाला, की चालू. आणि १५ दिवसांनी आपोआप बंद. वाढवायचं असेल तर कमिटीने पुन्हा ठराव करावा. शेवटची तारीख लिहिलेली असली की निम्मा विरोध तिथेच मावळतो, हा भाग सोडू नका.

दोन, कुठे. लिफ्ट, बंद हॉल, जिम, एसी लावलेलं सोसायटीचं ऑफिस. गच्ची, बाग, पार्किंग, खिडक्या उघड्या असलेला जिना यांना नियमच लावू नका. उघड्यावर सक्ती केलीत की लोक बंद जागेतला नियमही पाळत नाहीत.

तीन, कोणाला. इथे मुंबईच्या सोसायट्यांनी फार वाईट वागून दाखवलंय. घरकामाच्या मावशी, डिलिव्हरीची मुलं आणि ड्रायव्हर यांना गेटवर मास्क, तापमान, सॅनिटायझर आणि सभासद मात्र लिफ्टमध्ये उघड्या तोंडाने फोनवर. जुलै २०२०च्या सेरो सर्वेक्षणात (रक्तातल्या अँटीबॉडी तपासून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते बघणाऱ्या) तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या. तो आकडा दाटीवाटीचा आणि सामायिक नळ-संडासांचा होता. पण ‘रोग तिकडून येतो’ असा अर्थ काढून लोक मोकळे झाले. विषाणू शेअर सर्टिफिकेट तपासत नाही. नियम सगळ्यांना एकच ठेवा, आणि सोसायटीत काम करणाऱ्यांचे मास्क सोसायटीने द्यावेत.

चार, कोणाला सूट. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, हा आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचाही २०२१चा सल्ला आहे. सहा ते अकराच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली चालेल. ज्याला स्वतःचा मास्क स्वतः काढता येत नाही, ज्याला डॉक्टरांनी मनाई केलीय, त्याला सूट, आणि त्याच्याकडे लिफ्टच्या दारात कागद मागू नये. ओठ वाचून समजून घेणाऱ्या शेजाऱ्याशी बोलताना मोकळ्या जागेत जाऊन मास्क काढावा.

पाच, अंमलबजावणी. बांगलादेशच्या चाचणीतला सर्वात उपयोगी भाग हाच. फुकट वाटप आणि समोरासमोरची आठवण यांनी मास्कचं प्रमाण वाढलं. त्यावर जोडलेले एसएमएस, बक्षिसं, जाहीर वचनं, दारावरचे फलक यांनी काहीही भर पडली नाही. म्हणजे तुमच्या ग्रुपवरचे चाळीस फॉरवर्ड वाया. त्यापेक्षा प्रत्येक विंगच्या लिफ्टपाशी सर्जिकल मास्कचं खोकं ठेवा. ऑक्टोबर २०२०मध्ये राज्याने भाव बांधून दिले तेव्हा तीन पदरी मास्क ३-४ रुपयांना आणि एन-९५ १९ ते ४९ रुपयांना बसत होता. दिवाळीच्या रोषणाईच्या खर्चात वर्षाची सोय होते. टोकण्याचं काम कमिटीतल्या माणसाने करावं, वॉचमनने कधीच नाही. ज्याची नोकरी सभासदांच्या हातात, त्याला सभासदाला अडवायला लावणं अन्याय आहे आणि चालतही नाही. वाक्यही साधं ठेवा: ‘मास्क विसरलात वाटतं, हा घ्या.’ तरीही नको म्हटलं तर वाद न घालता पुढच्या लिफ्टने जा.

लिफ्टबद्दल एक जोड नियम घाला, मास्कच्या दोन्ही गटांना तो चालतो: लिफ्टमध्ये बोलायचं नाही, फोन तर नाहीच. नुसत्या श्वासापेक्षा बोलण्यातून कितीतरी जास्त कण बाहेर पडतात आणि मोठ्याने बोललं तर आणखी. छतातला एक्झॉस्ट पंखा चालतो का तेही बघा. बऱ्याच जुन्या लिफ्टमध्ये तो वर्षानुवर्षं बंद पडलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

हॉलसाठी मास्कपेक्षा हवेवर खर्च करा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवून गार करतो. सार्वजनिक आरतीला खिडक्या लावून दोन एसी चालवणं ही साथीत सगळ्यात वाईट व्यवस्था. एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा, कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. स्वस्त मीटर सॅनिटायझर जवळ नेल्यावरही उसळतात, ते घेऊ नका. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. हॉलमध्ये माणसं असताना तो ८००च्या खाली राहिला तर हवा खेळतेय. १,०००च्या वर गेला की खिडक्या उघडा किंवा माणसं कमी करा. खिडकी उघडणं जमतच नसेल तर हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा एअर प्युरिफायर, आणि त्याचा हिशोब असा: २० बाय १५ फूट हॉल, उंची १० फूट, म्हणजे ३,००० घनफूट, म्हणजेच ८५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ४२५ घनमीटर प्रतितास सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) लागेल. एक मोठा किंवा दोन मध्यम प्युरिफायर. लक्षात ठेवा, प्युरिफायर कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही, त्यामुळे मीटरचा आकडा त्याने उतरणार नाही.

आता मास्क घालण्याबद्दल सविस्तर, कारण सगळा फायदा इथे मिळतो किंवा जातो.

सर्जिकल मास्क बहुतेकांना मोठा होतो. गालांवर फटी दिसत असतील तर गाठ मारा: मास्क लांबीच्या दिशेने मधोमध दुमडायचा, कानाच्या प्रत्येक दोरीला मास्कच्या कडेला अगदी चिकटून गाठ घालायची, मास्क उघडायचा आणि गाठीपाशी तयार झालेली चुणी बोटाने आत दाबायची. चेहरा मोठा असेल तर हे करू नका, नाक उघडं पडतं. त्यांनी वरून घट्ट कापडी मास्क घालावा. दोन सर्जिकल एकावर एक घालून फटी तशाच राहतात, आणि एन-९५वर किंवा त्याच्या आत दुसरा मास्क कधीच नाही.

एन-९५ डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा असेल तर उत्तम. कानात अडकवायच्या दोऱ्या गळती थांबवण्याइतक्या ओढून बसत नाहीत. आधी हात धुवा. मास्क तळहातावर घ्या, नाकपट्टी बोटांच्या टोकांकडे, पट्ट्या खाली लोंबत्या. हनुवटीखालून वर चढवा. वरची पट्टी डोक्याच्या मागे उंचावर, खालची कानांच्या खाली मानेवर. पट्ट्यांची फुली करू नका आणि दोन्ही पट्ट्या मानेवर ओढू नका. यानेच वरून गळतो. मग दोन्ही हातांच्या बोटांनी नाकपट्टी मधून बाहेर दाबत न्या. एका हाताने चिमटा काढला की मधे टोक उभं राहतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा जाते.

पुढची दहा सेकंदं बहुतेक लोक वाचवतात आणि तिथेच फसतात. दोन्ही तळव्यांनी मास्क झाका, जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली तर नाकपट्टी पुन्हा दाबा. गालावर किंवा हनुवटीखाली लागली तर पट्ट्या मागे सरकवा. झटकन श्वास ओढल्यावर मास्क किंचित आत चेपला गेला पाहिजे. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वरून गळतंय, ते मास्कने स्वतःहून सांगितलंय. तीनदा करूनही बसत नसेल तर तो आकार तुमचा नाही. दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या घडणीचा बघा. चपटा घडीचा, वाटीसारखा आणि तीन फाळ्यांचा असे प्रकार मिळतात, आणि अरुंद चेहऱ्याला सहसा तीन फाळ्यांचा बरा बसतो.

घरी आजारी माणसाची देखभाल करणारे किंवा रुग्णालयात काम करणारे यांना याहून पक्की परीक्षा लागते. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात, आत बिट्रेक्सचा अतिकडू किंवा सॅकरीनचा गोड फवारा मारतात. आधी मास्कशिवाय चव कळते का बघतात, मग मास्क घालून साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, वर-खाली, मोठ्याने वाचन, वाकणं, पुन्हा साधा श्वास. मधे कुठेही चव लागली तर मास्क नापास. बोलताना बरेच जण नापास होतात, कारण जबडा हलला की हनुवटी सुटते. चाचणीआधी १५ मिनिटं पाण्याखेरीज काही खायचं-प्यायचं नाही, नाही तर चहाची चव निकाल बिघडवते.

दाढी असेल तर कडा त्वचेला टेकत नाही. श्रावणभर दाढी न करणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो, पण चार दिवसांचे खुंटही पुरेसे असतात. धार्मिक कारणाने दाढी ठेवणाऱ्यांसाठी शीख डॉक्टरांनी वापरलेली ‘सिंग ठाठा’ पद्धत आहे: दाढीवरून पातळ लवचिक पट्टा ताणून डोक्यावर गाठ मारायची आणि त्यावर मास्क बसवायचा.

झडप असलेला एन-९५ घेऊ नका. झडप उच्छ्वास न गाळता बाहेर सोडते. घालणारा वाचतो, शेजारचा नाही. जुलै २०२०मध्ये केंद्रानेही राज्यांना याबद्दल पत्र पाठवलं होतं. भारतीय मालावर आयएस ९४७३ आणि आयएसआय चिन्ह बघा, एफएफपी-२ हा दर्जा एन-९५च्या बरोबरीचा. अमेरिकी मान्यतेचा दावा असेल तर मास्कवरच ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. ‘एफडीए प्रमाणपत्र’, ‘सात पदरी’, ‘९९.९ टक्के विषाणूनाशक’ ही केमिस्टच्या काउंटरवरची सजावट आहे.

मुंबईत मास्कचा खरा शत्रू दमटपणा. जून ते सप्टेंबर कापडी मास्क दादर ते अंधेरी प्रवासात भिजतो; भिजला की श्वास जड होतो आणि कडेची गळती वाढते. जादा मास्क कागदी पाकिटात, आणि ते पाकीट डब्यात ठेवा. लोकलच्या गर्दीत घालायचा तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच नीट बसवून घ्या, आत हात वर करायला जागा मिळत नाही. कापडीच हवा असेल तर तीन पदर: आतून सुती, मधे न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, बाहेरून पाणी न शोषणारं पॉलिएस्टर. रुमाल, ओढणी आणि पदर यांना या हिशोबात धरू नका.

एन-९५ पुन्हा वापरता येतो. पाच मास्क, पाच कागदी पिशव्यांवर वार लिहून, आलटून पालटून. पाचेक वेळा घालून झाला, पट्टी सैल पडली, आतून ओला झाला किंवा श्वास जड वाटू लागला की टाका. वॉचमनच्या उघड्या केबिनमध्ये बारा तास एन-९५ची गरज नाही. लिफ्टमध्ये सामान चढवताना किंवा आजारी घरी औषध पोचवताना लावला तरी पुरे.

वापरलेले मास्क ओल्या कचऱ्यात किंवा डक्टमध्ये टाकू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोविडकाळातली सूचना अशी होती: कागदी पिशवीत ७२ तास वेगळे ठेवायचे, दोऱ्या कापायच्या म्हणजे कोणी धुऊन विकणार नाही, मग सुक्या कचऱ्यात. ज्या घरात रुग्ण आहे तिथले मास्क वेगळ्या पिवळ्या पिशवीत बांधून, कचरा उचलणाऱ्याला आधी सांगून द्यायचे.